सकाळी अडणारा संगणक: वाईतल्या एका छापखान्याचं प्रकरण

यंत्र जुनं आहे. इंटेलच्या जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, दोन जीबी डीडीआर३ रॅम आणि विंडोज एक्सपी, जिची देखभाल मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केली. आजच्या हिशेबाने हे डबडं भंगारवाल्याकडेच जायचं. पण वाईतल्या या छापखान्यात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, मांढरदेवीच्या यात्रेची पत्रकं अजूनही त्याच्यावरच जुळवली जातात. मजकूर पेजमेकर ७.० या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला मागच्या पंचवीस भोकांच्या प्रिंटर पोर्टमध्ये लावायचं एक हार्डवेअर लॉक लागतं. लॉक दिसलं नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. हल्लीच्या बहुतेक मदरबोर्डवर ते पोर्टच नसतं. त्यामुळे "नवीन घेऊन टाका की" हा सल्ला देणाऱ्याला सोपा आणि ऐकणाऱ्याला महाग होता.

तुळशीचं लग्न उरकलं की इथे पत्रिकांची गर्दी सुरू होते. नेमकी त्याच सुमाराला माझ्याकडे दुरुस्तीसाठी तक्रार आली: "सीपीयू चालू होत नाय." सीपीयू म्हणजे अर्थातच आख्खं कॅबिनेट. आणि चालू होत नाही म्हणजे काय, हे त्या तीन शब्दांतून कधीच कळत नाही. बटण दाबल्यावर काहीच हालचाल नाही, हा एक प्रकार. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच, हा दुसरा. कंपनीचं चित्र येतं आणि विंडोजपाशी गाडी अडते, हा तिसरा. तिघांची कारणं वेगळी, तपासायची जागा वेगळी, खर्चही वेगळा. गिऱ्हाईक तिन्हींना एकच वाक्य वापरतं, आणि कितीतरी दुरुस्त्या या वाक्यावरच चुकीच्या रस्त्याला लागतात. म्हणून फोनवरच खोदून विचारलं. प्रेसच्या काकांनी सांगितलं ते असं: बटण दाबलं की पंखा जरासा हलतो, एक झटका देतो आणि गप्प. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. स्क्रीनवर काही नाही, कीबोर्डचा दिवा नाही, बीप नाही. म्हणजे पहिल्या प्रकारातलं प्रकरण, पण पूर्ण मेलेलं नव्हे.

आधी काय काय झालं होतं, तेही विचारून घेतलं. एका मेकॅनिकने रॅम काढून खोडरबरने घासली. हा आपल्याकडचा पहिला उपाय, आणि पावसाळ्यात दमट हवेत पट्ट्यांवर थर चढलेला असेल तर तो लागूही पडतो, त्यात वाद नाही. पण रॅम सैल असली की बहुतेक वेळा पंखा फिरत राहतो आणि बोर्ड बीप देतो. पंखाच थांबतो तिथे रॅम घासून हाती काही लागत नाही. मग नवीन रॅम बसवली गेली. मग बोर्डवरची गोल बॅटरी काढून बायोस, म्हणजे बोर्डातला सुरुवातीचा प्रोग्राम आणि त्याची सेटिंग, रिसेट झालं. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागणाऱ्या व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा, तपासला तो असा: चोवीस पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला वायरच्या तुकड्याने जोडली, पंखा फिरला, "एसएमपीएस ओके". आणि शेवटी निकाल: बोर्ड गेला, या जातीचा बोर्ड आता मिळत नाही.

यातली खरी मेख वेगळीच होती. मेकॅनिक यंत्र आपल्या दुकानात घेऊन जायचा आणि तिथे ते सुरू व्हायचं. तो परत आणून द्यायचा, संध्याकाळपर्यंत काम व्हायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा रडगाणं. काकांच्या मते तो फसवत होता, मेकॅनिकच्या मते काका बटण नीट दाबत नव्हते. माझ्या मते दोघंही खरं बोलत होते.

प्रेसमध्ये तर एक दंतकथाच तयार झाली होती: संगणक कंपोझिंग करणाऱ्या ताईंच्याच हाताने सुरू होतो. काका आठला शटर उघडतात, मेन स्विच वर करतात, उदबत्ती लावतात, बटण दाबतात, काही नाही. ताई नऊला येतात, बटण दाबतात, सुरू. ताईंना याचं हसू यायचं आणि काकांना चिडचिड. ताईंना फोनवर घेऊन मी आणखी विचारलं. दुपारी जेवायला जाताना बंद करून आल्यावर कधी अडतो का? नाही, लगेच सुरू होतो. सगळ्यात जास्त त्रास कधी? सोमवारी. रविवारी प्रेस बंद असते ना, सोमवारी तर तो दहा वाजेपर्यंत दाद देत नाही. उन्हाळ्यात असं व्हायचं? नाही. आणि एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली: गेल्या पावसाळ्यात शेजारच्या दुकानात शॉर्टसर्किट झालं, तेव्हापासून काका रात्री मेन खाली करूनच घरी जातात. त्याआधी यूपीएस वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालूच असायचा.

इतकं कळल्यावर पेचकस हातात घ्यायच्या आधीच संशय एका जागी येऊन थांबला. हाताचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो यंत्राला वीज मिळून किती वेळ झाला आणि खोली किती गार आहे याच्याशी. रात्रभर मेन बंद, सकाळची थंडी, वीज नुकतीच दिलेली: अडतो. तासभर नुसती वीज मिळालेली, बटण न दाबताही: सुरू होतो. म्हणजे बटण दाबायच्या आधीच ज्या भागात वीज खेळत असते, तो भाग ऊब मिळाल्याशिवाय काम करत नाही. असा भाग डेस्कटॉपमध्ये मुख्यतः एकच, एसएमपीएसमधला स्टँडबाय.

हे नीट समजायला बटण दाबल्यावर काय होतं ते पाहावं लागतं. आपल्याला वाटतं, समोरचं बटण म्हणजे दिव्याच्या बटणासारखं, वीज जोडणारं आणि तोडणारं. डेस्कटॉपच्या वीजजोडणीच्या एटीएक्स पद्धतीत तसं नाही. भिंतीतून वीज आली की एसएमपीएसमधला एक छोटा स्वतंत्र भाग लगेच जागा होतो आणि जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट देतो. संगणक "बंद" असतानाही हा भाग चालूच असतो. त्या ५ व्होल्टवर मदरबोर्डचा एक कोपरा जागा राहून बटणाची वाट बघत बसतो. बटण दाबलं की बोर्ड हिरवी वायर खाली ओढतो, म्हणजे जवळजवळ शून्य व्होल्टवर आणतो. एसएमपीएसला ती खूण. मग मुख्य भाग सुरू होतो: पिवळ्यावर १२, लालवर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट. हे सगळे आपापल्या मर्यादेत स्थिरावले की १०० ते ५०० मिलिसेकंदांत एसएमपीएस राखाडी वायरवर ५ व्होल्टचा होकार देतो. तो होकार मिळेपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्ये धरून ठेवतो. होकार आला की प्रोसेसर सुटतो, बायोस चालू होतं, रॅम वगैरे तपासली जाते आणि मग स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटतं.

म्हणजे बटण आणि पहिलं अक्षर यांच्यामध्ये चार वायरींचा संवाद आहे: जांभळी, हिरवी, पिवळी-लाल-नारिंगी मंडळी, आणि राखाडी. कोण आपलं वाक्य म्हणत नाही, एवढंच शोधायचं. हिरवी-काळी जोडून पंखा फिरवण्याच्या परीक्षेत यातलं फार थोडं कळतं. तिथे एसएमपीएसवर भार नाही, राखाडी वायर कुणी पाहत नाही, जांभळीवर बोर्डाचं ओझं नाही. पंखा ९ व्होल्टवरही फिरतो. शिवाय ही परीक्षा दुपारी, ऊबदार दुकानात झालेली. मी ही युक्ती करतच नाही असं नाही, पण तिच्या भरवशावर "एसएमपीएस ओके" म्हणणं मला पटत नाही.

म्हणून काकांना सांगितलं, यंत्र माझ्याकडे आणू नका. जिथे अडतं तिथेच आणि अडतं तेव्हाच बघायचं. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखं मेन बंद करा आणि सकाळी मी आल्याशिवाय वर करू नका.

वाईची डिसेंबरातली सकाळ, कृष्णेकडून येणारा गार वारा, पत्र्याचं छप्पर, आत कागदाचे गठ्ठे आणि थंडगार फरशी. दोषाला हवी होती तशी हवा. आधी भिंतीकडचं उरकून घेतलं: प्लगमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दीड. यूपीएस बाजूला ठेवून यंत्र थेट भिंतीला जोडायचं ठरवलं, म्हणजे तो संशयही गेला. पेनड्राइव्ह, प्रिंटर, स्पीकर सगळं काढलं. कॅबिनेटच्या बटणाची जोडी बोर्डवरून काढली आणि त्या दोन पिना पेचकसाच्या टोकाने जोडायचं ठरवलं, कारण अडकलेलं बटणही असला खेळ करतं.

चोवीस पिनी कनेक्टर बोर्डला लावलेलाच ठेवून त्याच्या मागून, वायर आत शिरते तिथून, मल्टीमीटरची बारीक टोकं सरकवली. एक काळीवर, एक जांभळीवर. मेन वर केला.

४.५८. मग ४.६३, ४.६०. आकडा स्थिर बसतच नव्हता. मर्यादा वर-खाली पाच टक्क्यांची असते, म्हणजे ४.७५ ते ५.२५. अजून बटण दाबलेलं नव्हतं आणि जांभळी वायर आधीच उंबऱ्याखाली होती. पेचकसाने पिना जोडल्या: पंख्याचा झटका, आकडा साडेतीनच्या घरात कोसळला आणि परत वर आला. राखाडी वायरवर होकार आलाच नाही.

इथे बरेच जण "सापडलं" म्हणून उठतील. पण जांभळीवर व्होल्ट कमी दिसणं ही एसएमपीएसची कमजोरी असू शकते, तशीच बोर्डाची खादाडीही. बोर्डवरची लॅनची चिप किंवा यूएसबीचा भाग आतून शॉर्ट झाला तर तोही स्टँडबायला खाली ओढतो, आणि नवा एसएमपीएस लावून काही दिवसांनी तोही आडवा पडतो. म्हणून दोन गोष्टी आणखी पाहिल्या.

पहिली, क्रम. माझ्याकडे हातात मावणारा दोन चॅनलचा स्वस्त ऑसिलोस्कोप आहे, व्होल्टची चढउतार पडद्यावर रेषेत दाखवणारा. एक चॅनल हिरवीवर, एक जांभळीवर लावून पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. पडद्यावर दिसलं ते स्वच्छ होतं: आधी हिरवी खाली गेली, म्हणजे बोर्डाने वीज मागितली. त्यानंतर जांभळी ढासळली. आणि जांभळी ढासळल्यावर हिरवी परत वर गेली, म्हणजे बोर्डाच्या जाग्या कोपऱ्याचंच अन्न तुटलं आणि त्याच्या हातून हिरवी सुटली. पंख्याच्या झटक्याचा अर्थ हा. बोर्ड मागत होता, मागणं धरून ठेवायला त्याला बळ मिळत नव्हतं. शिवाय जांभळीच्या रेषेवर शांतता नव्हतीच. करवतीचे दाते असावेत तशी वरखाली, अर्ध्या व्होल्टच्या आसपास. या वायरवर असा खळखळाट ५० मिलिव्होल्टपर्यंतच चालतो. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर हे दिसत नाही.

दुसरी, बोर्ड बाजूला काढून भार. चोवीस पिनी कनेक्टर उपसला आणि जांभळी-काळीमध्ये ५ ओहमचा, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावला. ५ व्होल्टला एक अँपिअर. एसएमपीएसच्या लेबलवर स्टँडबाय २ अँपिअर छापलेला आहे, म्हणजे निम्माच भार. आकडा ४.२ वर येऊन लटपटत राहिला. आता बोर्ड समोरच नव्हता, त्यामुळे त्याच्यावर आळ घ्यायला जागा उरली नाही.

मग पिशवीतला चांगला एसएमपीएस जोडला. पहिल्या स्पर्शाला बोर्ड उठला. काकांनी ताईंकडे पाहिलं, ताई म्हणाल्या, "माझा हात नाय लागला हं."

तेवढ्यावरही थांबलो नाही, कारण या सगळ्या खटाटोपात बोर्डाला तासभर थोडीफार वीज मिळाली होती. बोर्डवरचेच कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डब्या, गारठत असतील तर तेही आता ऊबले असणार. तेव्हा जुना एसएमपीएस नुसता मेनला लावून बाजूला ठेवला, आणि चहानंतर तोच रेझिस्टर पुन्हा लावला: ४.८९. ऊब मिळाल्यावर तो खरंच सुधारत होता. आणि माझा एसएमपीएस रात्रभरासाठी यंत्रातच ठेवला, मेन बंद करून. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडी तशीच असताना, काकांनी स्वतः बटण दाबलं आणि यंत्र सुरू झालं. बोर्ड निर्दोष.

एसएमपीएस उघडला तो माझ्या टेबलावर. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. २३० व्होल्ट एसी आतमध्ये सपाट केल्यावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही काळ बसून राहतात. ज्याला ते मोजून उतरवता येत नाहीत त्याने त्या डब्याचे स्क्रू काढू नयेत. वर सांगितलेल्या सगळ्या मोजण्या डबा न उघडता होतात.

आत कागदाच्या धुळीची गादी होती. छापखान्यात हे व्हायचंच. ती झटकल्यावर स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारी, तापणाऱ्या हीटसिंकला अगदी चिकटून, दोन कपॅसिटर दिसले. एक १००० मायक्रोफॅरडचा, जांभळी वायर ज्याच्यावर तगते तो. त्याचं डोकं किंचित फुगलेलं, वरच्या चिरेपाशी तांबूस ठिपका. दुसरा ४७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचा, चण्याएवढा. दिसायला कोरा. मोजला तर त्याचा अंतर्गत रोध नव्या कपॅसिटरच्या कितीतरी पट निघाला. हा छोटा जास्त लबाड, कारण या रचनेत मुख्य भागाच्या कंट्रोलर चिपला याच्यावरूनच वीज मिळते. फुगलेला कपॅसिटर कुणालाही दिसतो. सुकलेला दिसत नाही.

अशा कपॅसिटरमध्ये द्रव असतो. वर्षं सरतात तसा तो उडत जातो आणि रोध वाढतो. गारव्यात तो द्रव आणखी मंद होतो, म्हणून थंडीत रोध अजून वाढतो. काही वेळ विजेची ये-जा झाली की स्वतःच तापून जरा खाली येतो. ताईंच्या हाताचं गुपित एवढंच. काकांनी आठला मेन वर केला की कपॅसिटर तापायला लागायचा आणि नऊला ताई यायच्या. सोमवारी खोली आणि डबा दोन रात्री गार पडलेले, म्हणून उशीर. आणि आधी रात्रंदिवस मेन चालू असल्यामुळे कपॅसिटर कधी गारच पडत नव्हता. तो सुकत होता, पण त्याचं सुकणं दिसायला एक थंडगार सकाळ लागायची. काकांच्या रात्री मेन बंद करण्याच्या सवयीने दोष निर्माण केला नाही, उघडा पाडला. ती सवय चांगलीच आहे, ती सोडू नका असं त्यांना सांगितलं.

सुकण्यामागेही साधा हिशेब आहे. अशा कपॅसिटरवर १०५ अंशांना हजार-दोन हजार तास असं आयुष्य दिलेलं असतं आणि तापमान दर दहा अंशांनी उतरलं की ते साधारण दुप्पट धरतात. बाकीचा एसएमपीएस प्रेसच्या वेळेपुरता राबतो, स्टँडबाय मात्र मेन चालू असेल तितका वेळ, वर्षाचे ८७६० तास. वर जागा हीटसिंकच्या कुशीत. तो आधी जाणार हे ठरलेलंच होतं.

दोन्ही कपॅसिटर बदलले तर वीस-तीस रुपयांत काम होतं, आणि मी बदलून पाहिलेही, भारासकट ५.०२ आला. तरी तो एसएमपीएस प्रेसला परत दिला नाही. त्याच वयाचे बाकीचे कपॅसिटर आत तसेच आहेत. लेबलवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट आहे, पण खाली १२ व्होल्टच्या ओळीत १४ अँपिअर लिहिलंय, म्हणजे त्या वायरवर जेमतेम १६८ वॉट. ई७५०० चा प्रोसेसर ६५ वॉटचा, त्यामुळे भागत होतं, पण लेबल खोटं बोलतंय हे कळल्यावर आतल्या संरक्षणाच्या सर्किटवर कोण विश्वास ठेवणार? जुन्या धर्तीच्या काही स्वस्त स्टँडबायमध्ये तर कपॅसिटर सुकल्यावर ५ व्होल्ट कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातात आणि बोर्ड जाळतात. जो बोर्ड बाजारात मिळत नाही आणि ज्याच्यावर लॉकचं पोर्ट आहे, त्याच्यामागे असला डबा ठेवणं परवडणारं नव्हतं. दोन हजारांच्या आसपास मिळणारा, १२ व्होल्टची ओळ प्रामाणिक असलेला नवा एसएमपीएस घेतला. घेताना एवढंच पाहिलं की प्रोसेसरसाठी चार पिनी कनेक्टर आहे आणि जुन्या डीव्हीडी ड्राइव्हसाठी मोठा चार पिनीही आहे. काकांनी किंमत ऐकून भुवया उंचावल्या. मी त्यांना बोर्डाची चौकशी पुण्यात करून बघा म्हटलं, मग ते काही बोलले नाहीत.

इथे प्रकरण संपायला हवं होतं, पण आधीच्या उपायांची उस्तवारी बाकी होती. यंत्र उठलं आणि काळ्या स्क्रीनवर फ्लॉपी ड्राइव्ह सापडत नाही म्हणून एफ१ दाबायला सांगत थांबलं. फ्लॉपी या यंत्रात कधीच नव्हती. बायोस रिसेट केल्यावर ते मूळच्या समजुतीवर परत गेलं होतं, आणि मूळच्या समजुतीत प्रत्येक संगणकाला फ्लॉपी असते. तारीखही १ जानेवारी २००९. बॅटरी मोजली, २.६ व्होल्ट; सीआर२०३२ नवी असताना ३ पेक्षा थोडी वर दाखवते. ती बदलली. ही बॅटरी गेली की संगणक सुरूच होत नाही असं पुष्कळ जण समजतात. बहुतेक बोर्ड तिच्याविना सुरू होतात, फक्त तारीख आणि सेटिंग विसरतात. जे विसरले ते मात्र इथे नडलं.

विंडोज आलं, पेजमेकर उघडलं, आणि फॉन्टच्या सॉफ्टवेअरने लॉक सापडत नाही म्हणून सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. त्या लॉकला पर्याय नाही हे त्यांना माहीत होतं. लॉक ठीक होतं. बायोसमध्ये पॅरलल पोर्टचा, म्हणजे त्याच प्रिंटर पोर्टचा, पत्ता ३७८ होता तो बरोबर, पण त्याची काम करायची पद्धत मूळच्या साध्या एसपीपीवर जाऊन बसली होती. ती ईसीपी आणि ईपीपी एकत्र अशी केल्यावर लॉक दिसलं. मग बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला, त्याच्या छापील प्रती ताईंनी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवल्या. बॅटरी काढणं हा फुकटचा उपाय समजला जातो. जुन्या, खास कामाला जुंपलेल्या यंत्रात तो फुकट नसतो. आधी फोटो, मग बॅटरी.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती स्मार्ट नोंदही पाहिली. रोज सकाळी अर्धवट झटके खाल्लेली डिस्क, त्यामुळे काळजी होती. खराब सेक्टर बदलल्याची नोंद शून्यावर होती. तरी संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवली. जुन्या फायली पीडीएफ करून ठेवायचं काम ताईंनी हाती घेतलंय, दिवसाकाठी जमेल तेवढ्या. नव्या पत्रिका हळूहळू युनिकोडमध्ये घ्याव्यात असंही सुचवलं. त्यावर काकांचं म्हणणं, गिऱ्हाईकाला ते जुनंच वळण आवडतं. असेलही.

मेकॅनिकने बसवलेली नवी रॅम काढली नाही. जुनीही चांगलीच आहे, दोन्ही एकत्र चालतात, एवढाच त्या खर्चाचा फायदा.

प्रेसमध्ये बिलांसाठी आणखी एक संगणक आहे, त्याच वर्षी घेतलेला, त्याच कंपनीच्या एसएमपीएसचा. तो कुणाच्याही हाताने, कोणत्याही वेळी सुरू होतो. तरी निघताना जांभळी वायर त्याच रेझिस्टरवर मोजली: ४.७१. तक्रार नाही, पण मर्यादेच्या खाली. काका म्हणाले, चालतोय तोवर चालू दे, लगीनसराई संपली की बघू. पुढच्या डिसेंबरची वाट बघू नका, एवढं सांगून त्याच्या डब्यावर आकडा आणि तारीख मार्करने लिहून आलो.